काशम्माचा फोटो

"कॅमेऱ्यात काही नाही, मामू," गौस म्हणाला.

हे तो तिसऱ्यांदा सांगत होता आणि महबूब तिसऱ्यांदा कानाआड करत होता. नव्या पेठेतल्या जिन्याखालच्या त्या दुकानात दोन माणसं बसली की तिसऱ्यानं श्वास बाहेर उभं राहून घ्यायचा. गौस तिथं वीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतो. हल्ली कॅमेरे फारसे येत नाहीत म्हणून मिक्सरही करतो, पण पाटीवर अजून कॅमेराच आहे.

"नीट बघ रे," महबूब म्हणाला. "फोटो काळे येतात म्हणजे आत काहीतरी गेलंय. कार्ड बदललं, बॅटरी बदलली, भिंग पुसून पुसून झिजायची पाळी आली. तीन महिने झाले. आता राहिलं काय? शटरच असणार."

"शटर टकाटक हाय."

"मग उजेड मोजायचं जे काय असतं आत, ते."

गौसनं कॅमेऱ्याची सगळी बटणं एकेक करून मूळच्या जागी आणली. मग कॅमेरा उचलून समोर बसलेल्या महबूबचाच फोटो काढला आणि मागचा पडदा त्याच्या पुढ्यात धरला. "हे घ्या. बघा तुमीच."

महबूबनं पडदा लांब नेला, जवळ आणला, जरा तिरका केला. "बघ, मी काय म्हणत होतो? अंधारच हाय की सगळा."

गौसच्या डोळ्यांना त्या फोटोत महबूबच्या दाढीतला केस न् केस दिसत होता, सदऱ्याचं वरचं तुटलेलं बटण दिसत होतं, मागच्या फळीवरचे मिक्सर दिसत होते. त्यानं कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला.

"मामू, ह्या पडद्याचा उजेड पार शेवटापर्यंत कुणी वाढवला होता?"

"मीच. उन्हात काही दिसत नव्हतं."

"आन ही चक्री? ही उणे तीनवर होती."

"ती पण मीच. पडद्यावर पांढरं फटफटीत पसरून दिसायला लागलं, तर काय करू? मागं घेतली थोडी."

"थोडी न्हाय. हिच्या पुढं मागं जायाला जागाच न्हाय."

महबूबनं चक्रीवरून अंगठा फिरवून पाहिला. चाळीस वर्षं ज्यानं उजेडावर पोट भरलं त्याला एवढं गणित कळायला वेळ लागत नाही. पडदा झगझगीत केला म्हणून फोटो झगझगीत दिसला. फोटो झगझगीत दिसला म्हणून त्यानं कॅमेऱ्याचा उजेड तोडला. पडद्यावर सगळं झकास आणि कार्डात सगळा काळोख. इथपर्यंत त्याला लगेच कळलं. पडदा मुळात झगझगीत का करावा लागला, एवढाच प्रश्न उरला होता आणि तो त्याला नको होता.

गौसनं तो विचारलाच, पण जरा आडून. "समोरच्या दुकानाची पाटी वाचा बरं."

"त्यात काय वाचायचं? अंबिका ड्रेसेस."

"मामू, ते दुकान दिवाळीलाच गेलं. तितं आता मोबाईलची कव्हरं मिळतात."

महबूबनं मान वळवून रस्त्यापलीकडे पाहिलं. निळसर काहीतरी होतं. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, "माझं बाकीचं खड्ड्यात गेलं. मैंदर्गीचा फोटो तेवढा निघंल का सांग. तो परत काढता यायचा न्हाय."

मैंदर्गीचा फोटो काशम्माचा होता आणि काशम्माला पुरून आता तीन दिवस झाले होते.

लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, कपाळावर विभूती ओढून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून मांडी घालून बसवतात. भोवती घरची माणसं बसतात आणि फोटो काढतात. पूर्वी पुष्कळ घरांत माणसाचा तेवढा एकच फोटो असायचा. काशम्माचा नवरा मल्लप्पा गेला तेव्हा, तीस वर्षांपूर्वी, महबूब शाळेच्या मुलांचे फोटो काढायला मैंदर्गीत आला होता. त्याला वर्गातून उठवून नेलं. माळवदाचं घर, आत अंधार, छतातल्या सवण्यातून भाकरीएवढा उजेड खाली पडलेला. महबूबजवळ फ्लॅश होता पण त्यानं तो लावला नाही. त्यानं दोन माणसांना पांढरं धोतर आडवं धरायला लावलं, सवण्यातला उजेड त्या धोतरावर घेतला आणि तिथून मल्लप्पाच्या तोंडावर फिरवला. रोलमधले तीन फोटो खर्च केले. त्या काळी मागे पडदाबिडदा नव्हता. काय आलंय ते रोल धुतल्यावर कळायचं, आणि महबूबला ते आधीच माहीत असायचं.

त्या फोटोत मल्लप्पा झोपेतून नुकता उठून बसल्यासारखा दिसतो. काशम्मा रोज सकाळी त्या फोटोला विभूती लावायची. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढायला ती सोलापूरला आली, तेव्हा डोळ्याला हिरवी पट्टी लावून सिद्धेश्वर पेठेतल्या त्याच्या स्टुडिओत येऊन बसली होती.

"महबूब, माजाबी फोटू तूच काढायचा बघ. ह्यांच्या शेजारी लावायचा हाय."

"आत्ताच काढतो की अव्वा. बसा त्या स्टुलावर."

"जित्तेपणी नगं रे. मेल्यावर. ह्यांचा काढलास तसा." मग जाता जाता, एका डोळ्यानं त्याला न्याहाळत म्हणाली, "तू डोळं बारीक करतोस की. दाखव कुनाला तरी. मी उशीर केला, तू करू नगं."

महबूब हसला होता. फोटो काढणाऱ्याचे डोळे बारीक असायचेच, असं काहीतरी सांगून त्यानं तिला रिक्षात बसवलं होतं.

मंगळवारी मल्लिनाथचा फोन आला. मल्लिनाथ म्हणजे काशम्माचा मुलगा. "मामा, अव्वा गेली. तुमाला यावं लागतंय बघा. तिनं सांगून ठिवलंय." महबूब कॅमेरा गळ्यात अडकवून निघाला. अक्कलकोटपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. दारातल्या लिंबाच्या कट्ट्यापाशी त्यानं चपला सगळ्यांपासून वेगळ्या काढून ठेवल्या. असं तो वर्षभर करत होता आणि असं का करतो ते स्वतःलाही सांगत नव्हता.

मल्लिनाथनं दारातच एक परात ठेवली होती. येणाऱ्यानं मोबाईल परातीत टाकायचा आणि मग आत जायचं. मागच्या साली चुलता गेला तेव्हा कुण्या पाहुण्यानं त्याचा फोटो गाणं लावून स्टेटसला टाकला होता, खाली दोन कबुतरं आणि एक फूल. चुलता जन्मात कुणाशी गोड बोलला नव्हता. मल्लिनाथला ते फार लागलं होतं. "अव्वाचा एकच फोटू निगंल," त्यानं सगळ्यांना बजावलं. "महबूबमामा काढतील तो."

काशम्माला भिंतीशी बसवलं होतं. मागं कुणीतरी पांढरं कोरं कापड लावलं होतं. जुन्या महबूबनं ते आधी काढायला लावलं असतं, कारण मागं पांढरं असलं की पुढचा चेहरा काळा पडतो, हे त्यानं किती जणांना शिकवलं होतं. पण त्या दिवशी ते कापड त्याला पडद्यावर नुसतं पेटल्यासारखं दिसलं आणि त्यानं चक्री मागं घेतली. परत काढला, परत मागं घेतली. अंगठ्याखाली चक्री टकटक करत होती आणि कडेचा आकडा मुंगीएवढा होता. शेवटी पडद्यावर काशम्मा झक्क दिसली. तो दोन पावलं पुढं गेला, वाकला, तिच्या चेहऱ्यासमोर अगदी जवळून दोन फोटो काढले. घरच्यांना बसवून आणखी काढले. सगळे मिळून अकरा.

"आला का चांगला?" मल्लिनाथनं विचारलं.

"मल्लप्पांच्या वरताण," महबूब म्हणाला. आणि त्याला खरंच तसं वाटलं होतं, हेच सगळ्यात वाईट.

संध्याकाळी झीनतनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटरचं सगळं काम महबूबची बायकोच करते, सात-आठ वर्षं झाली. तीन महिने तीच त्याचे फोटो एकेक करून उजळ करत होती. जुळे सोलापुरातल्या एका बारशाचा अल्बम तरीही परत आला होता. पाळण्यातल्या पोराची आई म्हणाली होती, "काका, बारसं भर दुपारी होतं ओ आमचं."

झीनतनं पहिला फोटो उघडला आणि ती पुढं सरकून बसली. "अजी, ह्यात हाय कोण?"

"काशम्मा हाय. कोण म्हणजे?"

"मला दिसत न्हाय कोण. काळं हाय सगळं. तीन पांढरे पट्टे दिसतात नुसते, आडवे."

ते विभूतीचे पट्टे होते. कापड जरा करडं आणि त्याच्या पुढं काळोख, काळोखात ते तीन पट्टे. अकराही फोटो तसेच. झीनतनं उजेड वाढवला. काळं होतं ते करडं झालं आणि करड्याचे दाणे दाणे झाले. काशम्माच्या तोंडावर कुणी चुलीतली राख फेकावी तसं. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते काही कळेना. झीनत दोन तास धडपडली. मग तिनं माऊसवरचा हात काढला आणि पोळ्या लाटायला गेली.

म्हणून महबूब शुक्रवारी गौसकडे आला होता. गौसनंही त्याच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. शेवटी म्हणाला, "मामू, आत असंल ते वर काढता येतं. जे आत आलंच न्हाय ते कुठून काढू?"

दुसऱ्या दिवशी झीनत त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. महबूबला आशा होती की मोतीबिंदू निघेल. मोतीबिंदू झाला असं ऐकायला कधी नव्हे इतका तो आतुर होता. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि सावकाश बोलत होत्या. काचबिंदू होता. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यात मधला थोडा भाग राहिलेला.

"किती दिवसांपासून अंधूक दिसतंय?"

"अंधूक न्हाय दिसत. उजेड कमी पडतोय," महबूब म्हणाला.

"हं. थेंब घालत राहायचं. आहे तेवढं टिकवायचं आपण."

"आन गेलेलं?"

"गेलेलं परत येत नाही, काका."

घरी येईपर्यंत रिक्षात तो एवढंच बोलला, "अव्वानं सांगितलं होतं सहा वर्षांमागं." झीनत म्हणाली, "मी बी सांगत होते की." ते खरं होतं.

आता एकच काम उरलं होतं आणि ते मरणाहून अवघड होतं. अकराव्या दिवशी शिवगणाराधना होती. पाचपन्नास गावांचं माणूस येणार, भिंतीवर मल्लप्पाच्या शेजारी खिळा मारून ठेवलेला. फोनवर सांगून मोकळं होता आलं असतं. झीनतनं तसं सुचवूनही पाहिलं. पण ज्या तोंडानं वरताण आलाय म्हणून सांगितलं, ते तोंड दाखवून सांगायला हवं असं महबूबला वाटलं. सोमवारी तो झीनतला घेऊन मैंदर्गीला गेला.

मल्लिनाथ सोप्यात बसला होता. त्याची बहीण दानेश्वरी, विजापूरकडं दिलेली, अजून माघारी गेली नव्हती. ती पाणी घेऊन आली. महबूबनं तांब्या हातात घेतला, पण प्यायला नाही.

"मल्लिनाथ, फोटो आला न्हाय."

"म्हंजे? उशीर लागतोय का?"

"न्हाय रे. आलाच न्हाय. काळा आला. कॅमेऱ्याची चूक न्हाय त्यात. माझे डोळे गेलेत. मला कळायला पायजे होतं आन मला कळलं न्हाय."

मल्लिनाथनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठला, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यापाशी गेला, खिळा बोटानं उगाच हलवून पाहिला. "अव्वाचा दुसरा फोटू न्हाय, मामा. आधार कार्डावर हाय, त्यात ती भूत दिसतीय. लगनातल्यात पदर तोंडावर ओढलेला. मी सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले. मीच घेतले." एवढं बोलून तो खाली बसला आणि बाप्या माणूस जसा रडायचं टाळतो तसा नाक ओढत राहिला.

महबूबचा हात तांब्यावरच होता. आपण काढलेली सगळी लग्नं, सगळी बारशी, सगळे शाळेचे वर्ग एका पारड्यात घातले तरी हे झाकलं जायचं नाही, असं त्याला वाटत होतं. माफी मागावी तर कुणाची? ज्या बाईनं विश्वास टाकला ती जमिनीखाली होती.

"आण्णा," दानेश्वरी म्हणाली. "एक फोटू हाय."

दोघांनीही मान वर केली.

"मी परातीत मोबाईल टाकलाच न्हवता. तू रागावशील म्हणून बोलले न्हाय. मोरीच्या दारातनं एक काढला. घाईत. मला राहवलं न्हाय रे."

मल्लिनाथनं मोबाईल तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. त्यानं पाहिलं आणि त्याच्या तोंडावर आलेली आशा जागीच विझली. त्यानं मोबाईल झीनतकडे दिला.

"काय हाय?" महबूबनं विचारलं.

झीनतनं मोबाईल जरा जवळ धरून पाहिला.

"काय हाय त्यात? काळा हाय का तो पण?"

"न्हाय. लई उजेड हाय त्यात," झीनत म्हणाली. "सगळं दिसतंय. कापड, हार, समई. तुमी हाय त्यात."

"मी?"

"तुमी वाकून फोटो काढताय. तुमची पाठ हाय मधे. तिचं तोंड तुमच्या पाठीमागं गेलंय."

बाहेर शेळी ओरडत होती. काशम्माच्या चेहऱ्यासमोर ज्या एका क्षणी तो जवळ गेला होता, त्याच क्षणी दानेश्वरीनं बटण दाबलं होतं. त्यानं आपल्या कॅमेऱ्यात तिला अंधारात घातलं होतं आणि लेकीच्या मोबाईलमध्ये तिला झाकून उभा होता. महबूबला वाटलं, उठावं आणि चालत सुटावं. पण एकट्यानं चालत सुटायचीही आता सोय नव्हती.

मग मल्लिनाथनं मोबाईल परत घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, खाली सरकवला. "हात आलाय की," तो म्हणाला. "मामांच्या कोपराखालनं दिसतोय बघ, दाने. मांडीवरला डावा हात. लिंग हाय हातात." मग जरा थांबून, "आपल्यात पूजा तर त्याचीच असती. तेवढाच द्या करून, मामा."

"तू दुसऱ्याकडनं करून घे, मल्लिनाथ."

"न्हाय. तिनं तुमाला सांगितलं होतं."

गुरुवारी सकाळी झीनत कॉम्प्युटरपुढं बसली आणि महबूब तिच्या मागं खुर्ची ओढून बसला. पडद्यावर काय चाललंय ते त्याला मधल्या एका तुकड्यात दिसत होतं, आणि तो तुकडा कुठं ठेवायचा ते मान हलवून ठरवावं लागत होतं.

"माझी पाठ गेली का?"

"गेली."

"कोपर?"

"कोपर येतंय अजून. ते कापलं तर तिचं मनगट बी जातंय थोडं."

"न्हाय, मनगट ठेव. तिरकं घे. माझं काय राहता कामा नये."

झीनत हळूहळू कापत गेली. माणसाला माणसातून काढायला अर्धा तास लागला. शेवटी तिनं हात थांबवला.

"आता काय राहिलं?" त्यानं विचारलं.

"हात हाय. बोटं जरा वाकलेली. लिंग हाय मधे. हिरव्या बांगड्या न्हाईत, मोकळं मनगट. हिरव्या लुगड्याचा काठ."

"उजेड कसा पडलाय?"

"चांगला."

"कुठनं येतोय?"

"डावीकडनं. वरनं."

"सवण्यातनं," महबूब म्हणाला. "तितंच बसवलं होतं मल्लप्पांना." आणि मग तो रडला, बायकोच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकवून. झीनतनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं प्रिंटरमध्ये कागद घातला. त्याच्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का असतो. या फोटोवर तो मारू नकोस, असं त्यानं सांगितलं.

शिवगणाराधनेला घर भरून गेलं होतं. मल्लप्पाच्या शेजारी फ्रेम लागली. एका बाजूला झोपेतून उठून बसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला नुसता हात. लोक आधी थबकायचे, मग लिंग दिसलं की वाकून नमस्कार करायचे. गौरम्मा नावाची एक म्हातारी, काशम्माची मैतरीण, तिथं बराच वेळ उभी राहिली.

"हात तिचाच हाय," ती म्हणाली. "करंगळी बघ वाकडी. जात्यात गावली होती. लई झ्याक काडलाय. कुनी काडला?"

मल्लिनाथनं भिंतीशी बसलेल्या महबूबकडे पाहिलं. "महबूबमामांनी," तो म्हणाला.

"न्हाय," महबूब म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "हा दानेश्वरीनं काढलाय. माझा शेजारचा. तीस वर्षांमागचा."

म्हातारीनं बरं म्हटलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

जेवण झाल्यावर महबूब उठला. झीनत आत बायकांच्या पंगतीत होती, तिच्यासाठी थांबायचं त्याला सुचलं नाही. उंबऱ्याबाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. लिंबाच्या कट्ट्यापाशी त्यानं वेगळ्या ठेवलेल्या चपला कुणीतरी वाट करायला म्हणून ढिगात सरकवल्या होत्या. तो ढिगाशी उभा राहिला. मान इकडून तिकडे फिरवली. मग पायानं चाचपायला लागला. एक चप्पल पायात सरकवली, ती लहान निघाली, काढली. दुसरी सरकवली. आतबाहेर करणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती.

दानेश्वरी खरकटी पत्रावळ टाकायला बाहेर आली होती. ती क्षणभर पाहत राहिली. मग हात धुऊन ढिगापाशी आली, खाली वाकली, त्याच्या चपला शोधल्या आणि त्याच्या पायांपुढं सरळ करून ठेवल्या.

"हितं हाईत, मामा," ती म्हणाली. "तुमच्या पुढ्यातच."